ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५ : पैशाने बदललेल्या खेळाचा नकाशा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल गेल्या चार-पाच वर्षांत पैशामुळे जितका बदलला तितका त्याआधीच्या कित्येक दशकांत बदलला नव्हता, आणि हा बदल समजून घेण्यासाठी मला वर्तमानपत्रांतील लेखांपेक्षा ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ या व्हिडिओ गेमचा अधिक उपयोग झाला. तिथली विद्यापीठे कोणत्या गटातून कोणत्या गटात गेली, हे वाचून लक्षात राहत नाही, खेळून राहते. म्हणून हा गेम खेळायला कसा आहे एवढेच पाहून मला थांबायचे नाही. ज्या जगाचे चित्र तो उभे करतो त्या जगाशी तो कितपत इमान राखतो, हेही या परीक्षणात पाहायचे आहे.

हा गेम १९ जुलै २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलांसाठी प्रसिद्ध झाला. संगणकासाठी तो काढलेला नाही. अमेरिकेत त्याच्या साध्या आवृत्तीची किंमत ६९.९९ डॉलर होती. फोंड्याला आमच्या घरी त्याची डिस्क आली ती न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाच्या सामानातून, चवथीला तो गावी आला तेव्हा. अमेरिकेत घेतलेली डिस्क इथल्या प्लेस्टेशन ५ वर विनातक्रार चालते. मात्र गेमच्या आत पैसे देऊन जे जादा साहित्य घ्यायचे असते ते त्या त्या देशाच्या खात्याशी बांधलेले असल्यामुळे भारतीय खात्यावरून ते अमेरिकी डिस्कला जोडता येत नाही. कोणी नातेवाइकाकडून डिस्क मागवणार असेल तर हे आधी ध्यानात घ्यावे.

गोव्यात फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल, तेव्हा या दुसऱ्या खेळाविषयी थोडे सांगणे भाग आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात, मैदान शंभर यार्डांचे असते आणि चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. तेवढे जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो, धावणाऱ्याच्या हाती देतो किंवा स्वतः घेऊन पळतो. नवख्या माणसाला हे सारे हातात बसायला वेळ लागतो, पण गेममधील सरावाचा विभाग चांगला आहे आणि तो टाळून थेट सामन्याला बसू नये. सर्वोच्च विभागातील सर्व १३४ विद्यापीठांचे संघ, त्यांची मैदाने, त्यांचे पोशाख आणि त्यांच्या वाद्यवृंदांची गीते यात आहेत. समालोचन क्रिस फाउलर आणि कर्क हर्बस्ट्रीट यांच्यासारख्या तिथल्या नामवंतांचे आहे आणि अर्थातच इंग्रजीत आहे.

गेमची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मैदानावरचे वातावरण. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डवर लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि पाहुण्या संघासाठी सर्वांत कठीण मैदान म्हणून गेमने त्यालाच पहिला क्रमांक दिला आहे. तिथे तुम्ही पाहुणे म्हणून उतरलात, तुमचा क्वार्टरबॅक अननुभवी असला आणि तिसरा प्रयत्न चालू असला की प्रेक्षकांचा गजर वाढत जातो, कॅमेरा हलू लागतो, हातातला कंट्रोलर कंप पावतो आणि कोणत्या खेळाडूने कुठून धावायचे हे दाखवणाऱ्या पडद्यावरील सरळ रेषा थरथरून वाकड्यातिकड्या होतात. आपण ठरवलेला डाव आपल्यालाच नीट वाचता येत नाही. त्या घाईत मी फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नेमके काय ते मला कळले. दूरचित्रवाणी कंपन्या अब्जावधी डॉलर मोजतात ते याच गजरासाठी, आणि गेमच्या निर्मात्यांनी तो पूर्ण गांभीर्याने उभा केला आहे.

आता वेष्टनाकडे पाहू. मुखपृष्ठावर तीन खेळाडू आहेत : मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्स, टेक्ससचा क्विन ईवर्स आणि कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर. यांपैकी टेक्सस १ जुलै २०२४ रोजी बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून एसईसी या कॉन्फरन्समध्ये गेले आणि कोलोरॅडो त्याच उन्हाळ्यात पॅक-१२ ही कॉन्फरन्स सोडून बिग ट्वेल्व्हमध्ये परतले. तिघांपैकी एकट्या मिशिगनचाच गट तोच राहिला. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. हे गट पूर्वी मुख्यतः भौगोलिक जवळिकीवर उभे असत, कारण विद्यार्थ्यांच्या संघांनी शेजारच्या राज्यांत जाऊन खेळावे आणि वर्गात परतावे अशीच कल्पना होती. ती कल्पना किती मागे पडली, हे सांगायला गेमचे वेष्टनच पुरेसे आहे.

माझा भाचा शाळेच्या संघात पायाने खेळायचा फुटबॉल खेळतो आणि एफसी गोवाचा कट्टर चाहता आहे. त्याने संघ निवडण्याच्या यादीत बोटाने खाली खाली जात मला विचारले, “मामा, ह्या पॅक-१२ मध्ये दोनच टीम कशा?” यादीत खरोखरच त्या नावाखाली दोनच संघ आहेत : ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले, आणि मला वाटते की गेमची खरी किंमत या प्रश्नात आहे.

सुरुवात १९८४ साली झाली. तोपर्यंत महाविद्यालयीन सामने दूरचित्रवाणीवर किती दाखवायचे आणि कोणाचे दाखवायचे हे एनसीएए ही देशव्यापी नियामक संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने लढलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे नियंत्रण बेकायदा ठरवले आणि प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचे स्वातंत्र्य विद्यापीठांना व त्यांच्या गटांना मिळाले. पुढची सारी उलथापालथ या स्वातंत्र्यातून निघाली. ज्या गटात मोठी नावे अधिक, त्या गटाला करार मोठा. आणि करार मोठा, म्हणून आणखी मोठी नावे त्या गटाकडे. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीचा रस्ता धरला. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठे पॅक-१२ मधून बिग टेन या गटात जाणार असल्याचे जाहीर झाले, आणि त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. पॅक-१२ ला मात्र तोलामोलाचा करार मिळवता आला नाही. मग २०२३ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो गेले. ४ ऑगस्ट या एका दिवसात ओरेगॉन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी बाहेर पडण्याचे निर्णय घेतले. आणि सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड व कॅल (बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या गटात जागा मिळवली. १९१५ सालापासूनची परंपरा सांगणारा गट जेमतेम सव्वा महिन्यात मोकळा झाला. जी दोन विद्यापीठे मागे उरली ती काही खेळात कमी पडली म्हणून उरली नाहीत. त्यांची गावे लहान आहेत, त्यांच्या भागात दूरचित्रवाणीचा प्रेक्षक कमी आहे, एवढेच त्याचे कारण.

बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत आणि तो गट पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंत पसरला आहे. १९ ऑक्टोबर २०२४ रोजी यूसीएलएचा संघ लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीत रटगर्सच्या मैदानावर खेळायला आला, म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलचा संघ निदान आठवड्याला एकच सामना खेळतो. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुली आठवड्यात एकाहून अधिक सामने खेळतात, त्यांचीही विद्यापीठे त्याच गटांत आहेत, आणि फुटबॉलच्या करारासाठी झालेल्या या फेरमांडणीचा प्रवास त्यांच्याही वाट्याला आला आहे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

गेममध्ये हा प्रवास नाही. डायनॅस्टी नावाच्या विभागात तुम्ही एखाद्या संघाचे प्रशिक्षक होता आणि तीस हंगामांपर्यंत तो चालवता. याच विभागात कॉन्फरन्सची फेरमांडणी करण्याची सोय आहे. मी ओरेगॉन स्टेट घेतले आणि पॅक-१२ चे गेलेले दहाही संघ एकेक करून परत आणले. काही बटणे दाबली आणि १९१५ ची परंपरा जागेवर आली. मला त्याचा मनापासून आनंद झाला, आणि त्याच वेळी गेमची मोठी उणीवही लक्षात आली : या बदलाला कसलीच किंमत पडत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक बदलाला आकडा चिकटलेला आहे. एसएमयू या डॅलसच्या विद्यापीठाने एसीसीत प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षे त्या गटाच्या प्रक्षेपण-उत्पन्नातील आपला वाटा सोडला. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनमध्ये सुरुवातीची वर्षे कमी वाट्यावर राहणे मान्य केले. गेममध्ये ना वाटा आहे, ना करार, ना सोडून जाण्याचा दंड. ज्याला संघ हलवायचा त्याने तो हलवावा, आणि यूसीएलएने रटगर्सला जावे ते पडदा बदलण्याइतक्या वेळात.

खेळाडू मिळवण्याच्या पद्धतीतही हेच दिसते, पण इथे रचना इतकी विचारपूर्वक आहे की तिच्यावर थोडे थांबायला हवे. शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक गुणी खेळाडू तुमच्या विद्यापीठाकडे चौदा निकषांवर पाहतो : खेळायला किती मिळेल, परंपरा कशी आहे, अभ्यासाचा दर्जा काय, प्रशिक्षक टिकेल का, घरापासून अंतर किती, वगैरे. यांतला एखादा निकष त्याच्यासाठी निर्णायक असतो आणि त्यात तुम्ही उणे पडलात तर तो तुमच्याकडे वळत नाही. आधी आलेला असला तर सोडूनही जातो. त्याचे मन वळवण्यासाठी तुम्ही जे खर्च करता ते म्हणजे तास. दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात. कोणाला फोन करायचा, कोणाला शिष्यवृत्ती देऊ करायची, कोणासाठी सगळे पणाला लावायचे हे त्यात बसवावे लागते. ही ओढाताण फार रंगतदार आहे आणि माझ्या अनेक रात्री तिने घेतल्या. परंतु तासांच्या जागी आज डॉलर आलेले आहेत. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, चेहरा आणि प्रतिमा यांवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. त्याच काळात एकदा विद्यापीठ बदलले तरी हंगामभर बाहेर न बसता खेळण्याची परवानगी मिळाली आणि २०२४ मध्ये अशा बदलांवरची संख्येची मर्यादाही गेली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत, आणि २०२५-२६ या वर्षापासून प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकते. हा निवाडा गेमनंतरचा आहे, त्याचा जाब गेमला विचारता येणार नाही. पण वैयक्तिक खेळाडू म्हणून खेळण्याच्या ‘रोड टू ग्लोरी’ विभागात प्रायोजकांचे व्यवहार आहेत आणि प्रशिक्षकाच्या विभागात पैशाचा उल्लेखही नाही, ही विसंगती २०२४ मध्येही डोळ्यांत भरणारी होती.

खेळाडूंना पैसे मिळू नयेत असे मला कधीच वाटले नाही, आणि या गेमचा स्वतःचा इतिहास वाचला तर कोणालाही वाटणार नाही. एड ओ’बॅनन हा यूसीएलएचा जुना बास्केटबॉलपटू. एका व्हिडिओ गेममध्ये तो स्वतःलाच दिसला : तोच संघ, तीच अंगकाठी, तोच क्रमांक, फक्त नाव नाही आणि मोबदलाही नाही. २००९ साली तो न्यायालयात गेला. त्यातून आणि त्याच्या सोबतच्या खटल्यांतून ६ कोटी डॉलरच्या तडजोडी झाल्या, आणि २०१३ च्या आवृत्तीनंतर महाविद्यालयीन फुटबॉलचा गेम निघणेच बंद झाले. अकरा वर्षांनी तो परत आला तेव्हा अकरा हजारांहून अधिक खेळाडूंनी स्वतः संमती दिली होती आणि प्रत्येकाला ६०० डॉलर व गेमची एक प्रत मिळाली. रक्कम फार मोठी नाही. परंतु नाव खरे आहे, चेहरा खरा आहे आणि त्याबद्दल त्या मुलाला विचारलेले आहे. एका प्रशिक्षकाला नोव्हेंबर २०२३ मध्ये पदावरून दूर करताना टेक्सस ए अँड एमवर साडेसात कोटी डॉलरहून अधिक देण्याची जबाबदारी आली, हे ज्या खेळात घडते त्या खेळात खेळणाऱ्याच्या हातावर काही पडले, तर त्याने खेळ बिघडला असे म्हणणे मला पटत नाही. बिघडले असेल ते गटांच्या फेरमांडणीने. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची शंभर वर्षांहून जुनी चुरस ४ नोव्हेंबर २०२३ च्या सामन्यानंतर थांबली, ती खेळाडूंच्या मानधनामुळे नव्हे. अर्थात त्याच फेरमांडणीने टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांना २०११ नंतर प्रथमच, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, पुन्हा समोरासमोर आणले, हेही नोंदवले पाहिजे.

गोव्याच्या वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवणारा धेंपो आणि दोनदा मिळवणारा साळगावकर हे क्लब स्पोर्टिंग क्लब द गोवाबरोबर २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, कारण नव्या आराखड्यात २०१४ साली सुरू झालेली आयएसएल (इंडियन सुपर लीग) वरच्या पायरीवर जाणार होती आणि मैदानावर जिंकून त्या पायरीवर चढण्याची वाट त्यांना दिसत नव्हती. धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. आयएसएलमधल्या एफसी गोवाने फातोर्ड्याला जी गर्दी आणली ती खरी आहे, तिच्यात आम्ही मामा-भाचेही असतो. पण मला ओरेगॉन स्टेटची अवस्था सांगायला फारशी उदाहरणे शोधावी लागली नाहीत. भाच्याला मी साळगावकरचे नाव सांगितले आणि तो गप्प राहून ऐकत होता.

त्याने स्वतःसाठी बोइझी स्टेट निवडले, ते त्यांच्या निळ्या मैदानामुळे. १९८६ पासून ते मैदान गवताच्या रंगाचे नाही, आणि पडद्यावर ते पाहताना खरोखर मौज वाटते. ही निवड चांगली ठरली, कारण गेममधील बारा संघांची बाद फेरी त्या संघामुळे नीट समजते. २०२४ पासून प्रत्यक्षातही चारऐवजी बारा संघ या फेरीत येऊ लागले आणि सर्वोच्च मानांकनाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना तिच्यात हक्काची जागा मिळाली. या विजेत्यांपैकी पहिल्या चारांत असल्यामुळे बोइझी स्टेट त्या वर्षी थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले आणि तिथे पेन स्टेटकडून हरले. या स्पर्धेच्या २०२६ पासूनच्या सहा वर्षांच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएनने ७.८ अब्ज डॉलर देऊ केले आहेत. एवढ्या पैशाच्या स्पर्धेत आयडाहोच्या एका संघाला जागा राहते, ही माझ्या मते नव्या व्यवस्थेतील सर्वांत चांगली गोष्ट आहे आणि गेममध्ये ती अनुभवायला मिळते. भाच्याने बोइझीला अंतिम सामन्यापर्यंत नेले, तेव्हा आमच्या घरात रात्री उशिरा जो आरडाओरडा झाला त्यावर त्याच्या आजीची बोलणी आम्हाला खावी लागली.

अल्टिमेट टीम हा विभाग खेळाडूंची पत्ते-पाकिटे जमवून संघ बांधण्याचा आहे आणि पाकिटे खऱ्या पैशांनीही घेता येतात. मी तो सोडून दिला. लहान मुलांच्या हाती गेम देणाऱ्यांनीही तो बंदच ठेवावा. प्रशिक्षक काल्पनिक आहेत, ही दुसरी उणीव. १० जुलै २०२५ रोजी आलेल्या २६ व्या आवृत्तीत खरे प्रशिक्षक आले आहेत आणि नव्याने वर चढलेल्या दोन विद्यापीठांसह संघांची संख्या १३६ झाली आहे. ज्याला केवळ खेळायचे आहे आणि मित्रांबरोबर ऑनलाइन डायनॅस्टी चालवायची आहे, त्याने नवी आवृत्ती घ्यावी, कारण मित्रही तिथेच भेटतील. मात्र ज्याला ही फेरमांडणी घडली त्या पहिल्याच वर्षाचा नकाशा, पॅक-१२ च्या दोन नावांसकट, हातात हवा आहे, त्याने २५ वी आवृत्ती घ्यावी. वापरलेली डिस्क मिळाली तर उत्तम, आणि अमेरिकेहून कोणी येत असेल तर प्लेस्टेशनची की एक्सबॉक्सची हे त्याला लिहून कळवावे.